मेथी चावणारा मेहुणा

पृथ्वीतलावर माझ्या मेहुण्याइतका सावकाश घरात शिरणारा पाहुणा दुसरा झाला नसेल. मेहुणा म्हणजे बायकोचा मावसभाऊ, साताऱ्याचा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्याच्या वर्गातले बाकीचे कॉलेजांत चिकटले, हा मध्य आफ्रिकेच्या जंगलात रानटी गोरिलांना माणसाची सवय लावायच्या कामावर गेला. काम असं, की रोज एकाच कळपामागे जायचं, लांब बसायचं, कळप पळाला की उद्या पुन्हा जायचं. अशी काही वर्षं घालवली की एक दिवस कळप पळत नाही. मग संशोधकांनी अभ्यास करायचा, पर्यटकांनी फोटो काढायचे आणि त्यांच्या तिकिटांवर जंगल जगवायचं. मी शारजात रोल्ला भागात राहून रोज दुबईला ऑफिसला जाणारा माणूस. रोज तेच करायचं आणि पुढे काही सरकायचं नाही, हा भाग मला लगेच समजला.

तिकडे दंगली पेटल्या, छावणी रिकामी केली, आणि परत जायची वाट बघत हा व्हिजिट व्हिसावर आमच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिला. कुठल्याही खोलीत शिरण्यापूर्वी तो घशातून एक खोल, लांबलचक खाकरल्यासारखा आवाज काढी. निवांत बसलेले गोरिला काढतात तसा. मी आहे, घाबरू नका, असा त्याचा अर्थ. बायको म्हणे, अरे घर आहे हे, ये की सरळ. पण तो सरळ येतच नसे. तिरका येई, जमिनीवर बसे, कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. रोज तोच फिका हिरवा शर्ट, कारण कपडे बदलले की कळप बिचकतो. रोल्लाच्या भाजीवाल्याकडेही तो पाच पावलं अलीकडे उकिडवा बसून राहिला. बिचारा मलबारी घाबरून विचारता झाला, “भाईसाब, आप बलदिया से हो?” नगरपालिकेचा इन्स्पेक्टर समजून त्यानं याला चहा पाजला आणि मेथीची ताजी जुडी हातात ठेवली.

ती जुडी माझ्याच कामी आली. दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिजून घरी आलो की मी आधी ओरडतो, मग बूट काढतो. त्या संध्याकाळी निमित्त एसीचं होतं. मी सुरू झालो तसा मेहुणा चटकन खाली बसला, बायको निवडत होती त्या मेथीतली दोन पानं उचलून, माझ्याकडे न बघता शांतपणे चावू लागला. मी आवाज चढवला. त्यानं आणखी पानं घेतली. कच्ची मेथी चावणाऱ्या माणसावर फार वेळ ओरडता येत नाही.

“डॅडी, ही इज हॅबिच्युएटिंग यू,” मुलगी म्हणाली. गोरिलांना माणसाची सवय लावण्याला मेहुण्याचा हाच शब्द.

“करू दे,” बायको म्हणाली. “मला इतक्या वर्षांत नाही जमलं.”

पाठीवरचे केस पिकलेला नर कळपाचा प्रमुख असतो आणि तो चवताळला की खाली बसून पानं चावायची, असं मेहुण्यानं मागाहून समजावलं. माझे डोक्यावरचे गेले आहेत, पाठीवरचे पिकले आहेत. एवढ्या भांडवलावर मी तो मान स्वीकारला.

रोज फोनकार्ड घेऊन तो तिकडच्या ऑफिसला फोन करी, आणि रोज खांदे पाडून परत येई. एका शुक्रवारी जेवणानंतर त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, तुझा कळप तुझी वाट बघत असेल.

“तेच तर, दाजी,” तो म्हणाला. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत. “माणूस दिसला की ते आता पळत नाहीत. आणि सध्या तिथे जी माणसं फिरतायत, त्यांच्या हातात बंदुका आहेत. भीती मी घालवली त्यांची. इथे बसून परत कशी लावू?”

रात्रीच्या भाजीची मेथी मी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं एक पान घेतलं, पण चावलं नाही.

छावणी उघडल्याचं कळलं त्याच आठवड्यात तो त्याच शर्टात गेला. मग बरेच दिवस काही नाही. बायको फोन वाजला की हातातलं टाकून धावे आणि विमा विकणाऱ्यांशी बोलून परत येई. अखेर एका शुक्रवारी त्याचा आवाज आला, खरखरणाऱ्या लाइनीवर.

“दाजी, सापडले.”

“ओळखलं का तुला?”

“नाही. मला बघितलं आणि पळाले. सगळे. पोरांसकट.” तो हसत होता. मग हसणं थांबलं आणि नुसता श्वास ऐकू येत राहिला. आयुष्यातली इतकी वर्षं झाडीत पळून गेली होती, आणि माणूस आनंदानं रडत होता.

आता काय करणार, असं मी विचारलं.

“साहेब म्हणतात, पहिल्यापासून सुरू करा. करू. पण पळू देत की अजून थोडे दिवस.”

मुलगी आता शिकायला पुण्याला गेली आहे. ट्रॅफिक होता तसाच आहे. संध्याकाळी दार उघडण्यापूर्वी मी खोल, लांबलचक खाकरतो, बूट काढतो आणि थोडा तिरकाच आत शिरतो. बायको मेथी निवडत असते. ती दचकत नाही, मान वर करत नाही. पळतही नाही.