पाहुण्याला पाडायचं कसं?

सुरतेपासून भुसावळपर्यंत रगबी हा खेळ ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि तो नेमका आमचा ड्रिल मास्तर होता. हे आमचं भाग्य की भोग, याचा निकाल आम्हा पोरांत शेवटपर्यंत लागला नाही. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं आणि आमच्या इंग्रजी शाळेत ड्रिलचा तास हा पोट दुखण्यासाठी राखून ठेवलेला तास होता. मास्तर मूळचे कोकणातले. मोठ्या लढाईत मजुरांच्या पलटणीबरोबर ते बसऱ्याला गेले आणि तिथे गोऱ्या सोल्जरांना त्यांनी हा खेळ खेळताना पाहिलं. मास्तरांचं काम एवढंच, की चेंडू रेघेबाहेर गेला की धावत जाऊन आणायचा आणि आत फेकायचा. दोन हिवाळे त्यांनी हे काम केलं. रेघेच्या आत त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि ही गोष्ट ते अशा काही रुबाबात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, बोलावणं आलं होतं पण यांनीच नाकारलं. लढाई संपल्यावर बाकीचे लोक घड्याळं आणि कांबळी घेऊन आले, मास्तर हा खेळ घेऊन आले. कोकणात त्याला पुरेशी सपाट जमीन मिळेना म्हणून आपण खानदेश गाठला, असं ते म्हणत. खरं कारण नोकरी हे असावं.

वैशाखात नंदुरबारची माणसं अंगावरच्या सदऱ्यालाही वैतागतात, त्या दिवसांत मास्तर पायांना गुडघ्यापर्यंत खाकी पट्ट्या गुंडाळून बाजारात जात. कोथिंबीर घ्यायची तरी आधी टाचा जुळवत. माणूस ओळखायची त्यांची कसोटी एकच होती, ती म्हणजे मान. कोणाकडे मुलगी पाहायला पाहुणे आले, की हे आगंतुकासारखे ओसरीवर बसत आणि नवरदेवाकडे मागून पाहून मत देत, "शिक्षणाचं राहू द्या हो, मान बघा. स्क्रममध्ये पहिल्या रांगेत चालेल." स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंच्या गड्यांनी डोकी खाली घालून एकमेकांना रेटणं. आमच्याकडे बैलही हे करतात, पण त्यांना कोणी त्यासाठी शाळेत घालत नाही. खेळातल्या सगळ्या आरोळ्या मास्तरांनी गोऱ्यांकडून जशाच्या तशा उचलल्या होत्या. त्यांत हुकूम कोणते आणि शिव्या कोणत्या हे त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. हेडमास्तर इंग्रजीचे पदवीधर असल्यामुळे ड्रिलच्या तासाला ते आपल्या खोलीच्या खिडक्या लावून घेत.

चेंडूची कथा निराळीच. बसऱ्याहून आणलेला चेंडू फुटल्यावर मास्तर विहिरीच्या मोटा शिवणाऱ्या एका चाचांकडे गेले आणि हातवारे करून त्यांना तो आकार समजावू लागले. चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर, मोट सिता हूँ तो कुएँ में से पानी निकलता. इसमें से क्या निकलेगा?" मास्तर म्हणाले, "शिस्त." चाचांनी मान हलवली आणि शिस्तीला लागेल तेवढं कातडं कापलं. निघालेला चेंडू लहानशा टरबुजाएवढा होता आणि तेवढाच जड होता. मैदानाची कथा त्याहून वाईट. हिवाळ्यात गावाबाहेरच्या प्रत्येक सपाट तुकड्यावर मिरची वाळत पडलेली असे. उरलेल्या पट्ट्यात आम्ही खेळायचो. वारा फिरला की दोन्ही बाजू एकदम शिंकत. कोणी रडला तर लागल्यामुळे रडला की मिरचीमुळे, हे मास्तरांना कळत नसे, म्हणून त्यांनी रडणं हा प्रकारच मोजायचा सोडून दिला.

खेळाला पंधरा गडी लागतात. आम्ही अकरा होतो, आणि समोर कोणीच नव्हतं. आपापसात खेळून खेळून कोण कुठल्या अंगाला पडतो हे आम्हाला पाठ झालं होतं. मास्तर कधी कधी स्वतः चेंडू घेऊन पळत आणि ओरडत, "पाडा मला." पण गुरूला जमिनीवर लोळवायचं पाप कोण घेणार? आम्ही बाजूला होऊन त्यांना वाट देत असू. शेवटी हेडमास्तरांनी त्यांना बोलावून शांतपणे सांगितलं, "मास्तर, खेळ म्हटला की समोर कोणी हवं. होळीनंतर मी सहकुटुंब प्रकाश्याला देवदर्शनाला जाणार आहे. तोवर दुसऱ्या गावाशी एक तरी खरा सामना मला दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षापासून मैदानावर लेझीम." मास्तर खोलीतून बाहेर आले ते पट्टी सुटलेल्या पायाने. आम्हाला लेझीम चाललं असतं. पण मास्तरांकडे त्या खेळाखेरीज दुसरं होतं काय? बारा वर्षं नंदुरबारात काढूनही लोक त्यांना 'कोकणातले पाव्हणे मास्तर' म्हणत. जेवायला बोलावत, पाट देत, आग्रह करत आणि दार लावून घेतल्यावर घरच्या गोष्टी बोलत. खेळ गेला असता तर मास्तर नुसते पाव्हणे उरले असते.

बसऱ्याचे गोरे मोसम संपला की दौऱ्यावर जात, म्हणून होळीची राख निवायच्या आत आम्हीही दोन बैलगाड्यांतून दौऱ्यावर निघालो. योजना साधी होती: सकाळी त्या गावच्या पोरांना खेळ शिकवायचा आणि दुपार कलली की त्यांच्याशीच खेळायचा. पहिला मुक्काम तापीच्या अलीकडच्या एका खेड्यात. पुढे पळायचं पण चेंडू मात्र मागे द्यायचा, हा नियम ऐकताच पारावरच्या एका म्हाताऱ्याने खेळ सरकारी असणार हे ओळखलं. गावाने आम्हाला पुरणपोळी आणि रशी, म्हणजे तिकडची झणझणीत आमटी, जेवू घातली. मग सामना सुरू झाला. मी चेंडू घेऊन पळालो, तर समोरचे दांडगे पोरगे दोन्ही बाजूंना सरकले आणि एकाने माझ्या वाटेतला दगडही उचलला. आमचा प्रत्येक गडी असाच आदराने पलीकडे पोचवला गेला. गुण मोजता मोजता मास्तरांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी शिट्टी फुंकली आणि गावच्या पाटलांकडे तक्रार केली, की तुमची पोरं पाडत का नाहीत. पाटलांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मास्तर, पाव्हणा दारमा उना, त्याले धरीसन खाले पाडानं? आमना गावमा आशी रीत नही."

मास्तरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी गाडीत जाहीर केलं, की दोष खेळाचा नसून पुरणपोळीचा आहे. ज्याचं अन्न खाल्लं त्याचे आपण पाहुणे. तेव्हा पुढच्या मुक्कामी, लोणखेड्यात, गावाचं काही खायचं नाही. उलट आपणच रांधायचं आणि त्यांना जेवायला बोलवायचं. म्हणजे पाहुणे ते होतील, आपण नाही. हा डाव लढवणारा माणूस पलटणीत हमालीवर कसा राहिला, असं आम्हाला वाटून गेलं. लोणखेड्याच्या शिवारात आम्ही चुली मांडल्या, भाकरी थापल्या, म्हणजे त्यातल्या त्यात गोल असतील अशा, आणि ठेचा वाटला. तिथली पोरं आली, जेवली, तृप्त झाली आणि आम्हाला पाडायला मोकळी झाली. पण त्यांचा गडी चेंडू घेऊन निघाला तेव्हा आमचा धुडकू, जो एरवी रेड्यासारखा अंगावर जायचा, हात मागे बांधून उभा राहिला. मास्तर बाहेरून किंचाळले. धुडकू म्हणाला, "सर, त्यानी आत्तेच मन्हा हातनी भाकर खादी. त्याले कसा पाडू?" त्या दिवशी लोणखेडं जिंकलं. मास्तर गाडीच्या चाकाला टेकून बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी पायांच्या पट्ट्या सोडून ठेवल्या.

राहिलं प्रकाशं. परतीच्या वाटेवरचं शेवटचं गाव, आणि तिथेच हेडमास्तर येणार होते. तापीच्या वाळूत, टरबुजांच्या वाड्यांपासून जरा दूर, त्यांनी काठीने रेघा ओढल्या, प्रकाश्याच्या पोरांना खेळ शिकवला आणि तिसऱ्यांदा तेच सुरू झालं. आमच्यातला रशीद पळाला, त्याला वाट मिळाली. मी पळालो, मला वाट मिळाली. काठावर गावाच्या बायका बसल्या होत्या, त्या आमचं कौतुक करत होत्या. मग चेंडू धुडकूकडे गेला. तो दहा पावलं गेला नसेल, तोच प्रकाश्याची अख्खी फौज त्याच्यावर तुटून पडली. एकाने पाय धरले, एक पाठीवर बसला, एकाने तर जाता जाता त्याच्या सदऱ्यात वाळू भरली. मास्तर शिट्टी फुंकायचंही विसरून धावले. "यालाच का पाडलंत?"

एक दांडगा पोरगा धुडकूच्या अंगावरून उठत म्हणाला, "मास्तर, हाऊ तर आमना साला शे. सालाले पाडामा काय पाप?"

धुडकूची बहीण सखू आदल्या वर्षी प्रकाश्यात दिली होती आणि हा पोरगा तिचा दीर होता. मग, बसऱ्यात जे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं ते त्यांनी केलं. थेट काठावर बसलेल्या प्रकाश्याच्या पाटलांकडे गेले आणि विचारलं, "पाटील, गावची मुलगी म्हणजे गावातल्या सगळ्यांची बहीण, खरं ना?"

"त्यामा काय इचारानं? आशीच रीत शे."

"मग सखू नंदुरबारची. हे अकराही तुमचे साले."

पाटलांनी घाई केली नाही. नात्याचा प्रश्न होता, उद्या कोणी बोट ठेवायला नको. रशीदने आधीच विचारून घेतलं, की मीसुद्धा का. पाटील म्हणाले, "तू नंदुरबारना शे ना? मंग तू बी." आणि पोरांकडे वळून त्यांनी अकराही जणांचा एकदम निकाल दिला, "बठ्ठा सालाच व्हयनात."

त्यानंतर जे झालं त्याला मी आजही रगबीच म्हणेन, कारण दुसरं काय म्हणावं हे मला माहीत नाही. वर्षभराची सासर-माहेरची उधारी त्या वाळूत फिटली. सदरे फाटले, कोपरं सोलली, आणि कोणीही मागे हटेना. मास्तर बाहेर उड्या मारत होते, सगळे हुकूम आणि सगळ्या शिव्या एकदमच देत होते. अशात धुडकूचा पाय मुरगळला आणि आम्ही दहा उरलो. धुडकूनेच लंगडत येऊन मास्तरांचा हात धरला आणि त्यांना रेघेच्या आत ओढलं.

मास्तर आत आले तेव्हा त्यांना हातांचं काय करावं ते समजेना. मी त्यांच्याकडे चेंडू दिला आणि ते निघाले. पण प्रकाश्याची पोरं थबकली. पाटलांकडे पाहू लागली. पाटलांनी हळूच मान हलवली: मास्तर कोकणातले, पाव्हणे. झालं, पुन्हा वाट मोकळी झाली. मास्तर पळत पळत शेवटच्या रेघेपाशी गेले आणि एक पाऊल टाकायचं राहिलं असताना थांबले. चेंडू छातीशी धरून उभे राहिले. पलीकडे गेले असते तर गुण मिळाला असता. ते गेले नाहीत. पाठमोरे तसेच उभे होते, कोणीतरी येईल म्हणून. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. नवी सून, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, चारचौघांत कधी न बोललेली सखू आपल्या दिराला म्हणत होती, "भाऊजी, काय देखी ऱ्हायनात? मास्तर मन्हा माहेरना शेतस."

सगळ्यांनी पुन्हा पाटलांकडे पाहिलं. पाटलांना एकाएकी नदीकडे बघायचं काम निघालं. मग सखूचा दीर धावला आणि त्याच्यामागे सारे धावले. मास्तर असे काही पडले की खाकी पट्टीचं एक टोक तेवढं बाहेर दिसत होतं. नेमके तेव्हाच हेडमास्तर कपाळाला गंध लावून, हातात प्रसाद घेऊन, सहकुटुंब घाट उतरून आले. त्यांनी तो ढीग पाहिला, तो उपसून मास्तरांना बाहेर काढताना पाहिलं. "मास्तर, हा खरा सामना?"

"हो सर," मास्तर तोंडातली वाळू थुंकत म्हणाले. "अगदी खरा."

"मग असला खेळ माझ्या शाळेत पुन्हा होणार नाही," हेडमास्तर म्हणाले. खरा सामना मागितला तो त्यांनीच, दिसला तेव्हा घाबरलेही तेच. आम्हाला वाटलं मास्तर आता कोसळतील. पण रजा मंजूर झाल्यासारखी त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंस ना रे? पाडलं त्यांनी मला." समोरचा एक दात हलत होता. तो ते जिभेने पुन्हा पुन्हा हलवून बघत होते.

पुढच्या वर्षी लेझीम आलं. मास्तरांनी तेही त्याच आवाजात शिकवलं. पण दर होळीनंतर ते एकटेच प्रकाश्याला जात. तिथली पोरं त्यांच्या विड्यात मिरची घालत, जोडे लपवत, झोपेत तोंडाला काजळ फासत. परत आल्यावर ते आठवडाभर बाजारात दिसेल त्याला सांगत, की त्या गावाला काही रीतभात उरलेली नाही, माणसाला माणूस म्हणून वागवत नाहीत. सांगताना इतके खूश असत की ऐकणाऱ्याने सहानुभूती कुठे दाखवावी हेच कळत नसे.

दुसरी लढाई चालू असताना, पावसाळ्याच्या तोंडी, मास्तर दोन दिवसांच्या तापाने गेले. कोकणात कोणाला कळवायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी प्रकाश्याहून गाडी आली आणि तीतून सखू उतरली, आता दोन लेकरांची आई झालेली. तिचे आईवडील दाराशी उभे होते, धुडकू उभा होता. तिने त्यांच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही. मास्तरांच्या उशाशी बसून ती म्हणाली, "मन्हं माहेर सरनं," आणि तिच्या आईनेही तिला नाही म्हटलं नाही.