काकांनी बदललेली पावडर

डब्याचं झाकण उघडलं की काका आधी मान मागे घ्यायचे. मग चिमूटभर पावडर पांढऱ्या कागदावर टाकून चष्म्याच्या वरून बघत बसायचे, काकू डाळीतले खडे बघतात ना, अगदी तसं. आणि अर्ध्या जर्मनमध्ये म्हणायचे, "आल्झो, चला, बघू आज कसा मूड आहे हिचा."

तुम्हाला वाटेल, कसली पावडर? सांगते, थांबा. काका पिस्तुलाची काडतुसं घरी भरायचे! जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, राहत्या घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, परीक्षा देऊन रीतसर काढलेल्या परवान्यावर. मूळचे मिरजेचे, नोकरी सगळी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर दर शनिवारी गावच्या नेमबाजीच्या क्लबात. मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायचे, नुकतीच नोकरीला लागलेली. युरो येऊन काही वर्षं झाली होती तरी काकू कोथिंबिरीचा भाव अजून मार्कातच सांगायच्या, तेव्हाची गोष्ट.

क्लबात झाडून झालेल्या पितळी पुंगळ्या काका गोळा करून आणायचे. धुवून, पुसून, मोजून पावडर, वर शिशाची गोळी, प्रेसचा दांडा खाली, खट. मी ज्यूसच्या क्रेटवर बसून बघायचे आणि प्रश्न विचारून डोकं खायचे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, सगळ्यात जोरदार पावडर घ्या ना, आणि सगळ्यात वेगात जाईल अशी गोळी.

"अगं, समोर निशाणाचा कागद आहे," काका म्हणाले. "तो कुठं पळून जाणारे?"

त्यांना जड गोळी आणि मऊ धक्का आवडायचा, मनगट दुखत नाही म्हणून. आणि पावडर वर्षानुवर्षं एकच, बारीक दाण्याची. घरच्या सुनेसारखी आहे, म्हणायचे, स्वभाव पाठ झालाय. टेबलावर एका वेळी एकच डबा, दुसरा कुलपात. या नियमाला काकूंचा चहासुद्धा अपवाद नव्हता, कप जिन्यावर ठेवायचा.

आणि एक दिवस त्यांनी पावडर बदलली! आणली ती पातळ पोह्यांसारखी, चपटी, धूर करणारी. नेम बिघडला. क्लबातल्या दाढीवाल्या मित्राने विचारलं म्हणे, तू नेमबाजी करतोयस की ग्रिल पेटवतोयस? मीही चिडवलं घरी. काका हसले नाहीत.

"बारीक पावडर लागते चिमूटभर. चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते, कळत नाही. ही दोनदा पडली तर बाहेर सांडते."

दोनदा पडली की काय होतं ते मला त्यांनीच आधी सांगितलं होतं. पिस्तूल हातात फुटतं. स्वतःचा हात जातो, शेजारच्याचा डोळाही जाऊ शकतो.

"पण तुमच्याकडून दोनदा कशाला पडेल, काका?"

त्यांनी तराजूची स्वच्छ ताटली परत पुसायला घेतली.

त्यानंतर एका रविवारी त्यांनी मला खाली हाक मारली. टेबलावर भरलेल्या काडतुसांची पेटी होती. तू हात लावलास का, म्हणाले. माझ्याकडे तर कपाटाची किल्लीसुद्धा नव्हती. मग त्यांनी एक काडतूस उघडलं. आत बारीक पावडर, जुनी, जी वापरणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. कपाटातला तिचा डबाही कमी झालेला.

काकू जिन्यावरून म्हणाल्या, "अहो, रोज दुपारी खटखट ऐकते मी. तुम्हीच तर असता."

"दुपारी मी झोपतो," काका म्हणाले.

काकूंनी चहाचा कप जिन्यावर ठेवला आणि वर गेल्या.

त्या दुपारी काकांनी अख्खी पेटी उघडली, मी शेजारी बसून होते. एकेक काडतूस फोडायचं, पावडर तराजूवर. एकही चुकलेलं नव्हतं! मला इतका आनंद झाला, मी म्हटलं, बघा, उगाच घाबरलात.

"तेच तर," काका म्हणाले. "भरणाऱ्याचा हात चांगला आहे. पण तो कोण, मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच क्लबात फोन करून नाव काढून घेतलं. कोणी सांगायच्या आत, काही व्हायच्या आत. परवाना आम्टमध्ये, सरकारी कचेरीत, परत दिला. पिस्तूल, पावडरी, प्रेस, सगळं तो दाढीवाला घेऊन गेला. जाताना त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.

मग सुरू झालं ते असं. दुपारच्या चहाला मी घरी असले की काका हळूच म्हणायचे, "अगं, खाली कोण आहे बघून ये." सुरुवातीला मी हसायचे. मग खरंच जाऊन, दिवा लावून, बघून यायचे.

"कोणी नाही, काका."

"नक्की?"

"गेनाऊ, अगदी नक्की."

"दमला असेल." जरा वेळाने, "असला तर चहाला बोलाव. रोज एकटाच असतो खाली."

एकदा मी जिन्यावर असताना खट झालं. हीटिंगचा पाइप असणार. पाइपच होता. पण मी उरलेल्या पायऱ्या उतरले नाही, आणि वर येऊन कोणी नाही असंच सांगितलं.

काका गेले त्याला आता एक हिवाळा झाला. मी दुसऱ्या शहरात, त्सुफेनहाउझेनला राहते. परवा काकूंकडे गेले होते, त्यांनी बटाटे आणायला खाली पाठवलं. टेबल आहे तिथंच. प्रेस बसवला होता तिथली स्क्रूची भोकं तेवढी दिसतात. मी बटाटे घेतले, दिव्याच्या बटणाला हात लावला, आणि नाही मालवला. तशीच वर आले.

काकूंनी केलरच्या दाराखालून येणारा उजेड बघितला. मग बटाटे सोलायला घेतले.