मांडवकर भाऊजींचं ॲव्हरेज

ये, अशी जवळ बस. दारात उभी राहून बोलायला तू काय कुरियर घेऊन आलीस? आणि तो फोन उपडा ठेव बघू. फोनवर विचारतेस, "मावशी, कोण गं ते तुझे मांडवकर भाऊजी?" आणि मी सांगायला लागले की "नंतर ऐकते" म्हणून ठेवून देतेस. आता ऐकूनच ऊठ.

भाऊजी आमच्या समोरच्या दारातले. गोडदेवच्या ह्या बिल्डिंगमध्ये आम्ही बरोबरीनं राहायला आलो. मूळचे रत्नागिरीकडचे. जन्मभर एका कंपनीत साहेबांची गाडी चालवली आणि रिटायर झाल्यावर स्वतःची घेतली, जुनीच, चंदेरी रंगाची. तेव्हापासून एकच नाद लागला. कुणाचीही गाडी दिसो, नमस्काराच्या आधी विचारणार, "किती देते?" म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. पुढे पुढे माणसंही सुटेनात. मी जिना चढून धापा टाकत आले की यांची हाक, "वहिनी, एका चहावर दोनच मजले? सर्व्हिसिंग करून घ्या!" आतून त्यांची बायको शालन ओरडायची, "स्वतःचं बघा आधी! एवढ्या चपात्या खाऊन कोचावरून उठवत नाही."

त्यांची रीत ठरलेली होती. पंप तोच, पंपावरचं मशीनही तेच. नळी आपोआप 'टक' करून थांबली की पुरे. पंपावरचा माणूस म्हणायचा, "काका, राउंड फिगर कर दूँ?" भाऊजी हात आडवा घालायचे, "नहीं भैया, टक के बाद सब लालच है." मग गाडीतला किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा. पुढच्या खेपेला टाकी तशीच टकपर्यंत भरायची. मधल्या काळात गाडी जेवढी धावली, त्याला आता जेवढं पेट्रोल मावलं त्यानं भागायचं, झालं ॲव्हरेज. सगळं तोंडी. शालन म्हणायची, लिहून ठेवत जा. "ज्याचा डोक्यावर भरवसा नाही तो लिहितो," असं म्हणून टकलावरून हात फिरवायचे.

माझे यजमान गेले, त्यानंतर मी घराबाहेर पडेचना. तेव्हा हेच एकदा दाराशी येऊन म्हणाले, "चला वहिनी, चौकच्या कोळीवाड्यात सुकट आणायला जाऊ. उभी गाडी ॲव्हरेज देत नाही, नुसती गंजते." मी मागे बसले. चौकच्या कोळणीलाही यांनी सोडलं नाही. तिच्या नवऱ्याच्या होडीचं विचारलं, तशी ती म्हणाली, "किती देते म्हंजे काय रं बाबा? डिझल घेते, म्हावरा देत न्हाय. तुला पायजे तर घेऊन जा!" भाऊजी वाटेत आठवून आठवून हसत होते. किती महिन्यांनी मीही हसले असेन.

आणि मग तो पेढ्यांचा दिवस. भाऊजी बॉक्स घेऊन मजल्यामजल्यावर फिरत होते. "गाडीनं चौतीस दिले! सतरा देणारी गाडी, चौतीस!" खालचे पटेलभाई म्हणाले, "काका, पेट्रोल भरते हो कि गंगाजल?" सगळे हसले. शालन मात्र दाराला धरून उभी होती. "अहो, मधे खारी गावाहून बारशावरून येताना भरलं ना आपण?"

"कुठे भरलं? काहीतरीच तुझं."

भरलं होतं. मी मागे बसले होते ना. त्या दिवशी टाकी भरून झाल्यावर त्यांनी आकडा शून्यावर आणला नाही, आणि आता तर मधे टाकी भरली हेच डोक्यातून पुसलं गेलं होतं. दोन टाक्यांचे किलोमीटर आणि भागलं एकाच टाकीच्या पेट्रोलनं, म्हणून दुप्पट आले. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला, वाढत जाणारा. गाडी बंद करा म्हणाले. भाऊजी ऐकतात होय? किल्ली शर्टाच्या खिशात, झोपतानासुद्धा. शालन माझ्याकडे येऊन रडायची, "ताई, यांच्या हातून कुणाचं पोर जाईल. मी कशी जगू?"

ते होता होता राहिलं. शाळा सुटायच्या वेळी ते गाडी घेऊन पुलावर उलट्या बाजूनं चढले. समोरून मुलांनी भरलेली रिक्षा. रिक्षावाल्यानं कठड्याला घासून वाचवली. लोकांनी भाऊजींना गाडीतून ओढून काढलं, कॉलर फाडली. घरी आणलं तेव्हा ते एकच म्हणत होते, "रस्ता कुणी फिरवला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "वहिनी, शालन माझ्या काळजीनं खोटं बोलेल. तुम्ही बोलणार नाही. त्या दिवशी खारीहून येताना मी पेट्रोल भरलं होतं?"

शालन त्यांच्या मागे उभी होती. मला वाटलं, नाही म्हणावं. म्हातारा माणूस, एवढं एकच तर सुख. पण ती रिक्षा डोळ्यांपुढून जाईना. मी म्हटलं, "भरलं होतं भाऊजी. मी होते मागे."

ते म्हणाले, "म्हणजे चौतीस खोटे."

"खोटे."

त्यांनी खिशातून किल्ली काढली, मागे वळून शालनच्या हातात दिली आणि माझ्या दारात काढलेली चप्पल तशीच ठेवून घरात गेले. त्यानंतर त्यांनी कुणाला "किती देते?" विचारलेलं मी ऐकलं नाही.

किल्ली दिली हेही ते पुढे विसरले. रोज शोधायचे, शालनला चोर म्हणायचे. मग शालनचं नावही गेलं. एकदा भर उन्हाळ्यात दुपारी दार उघडं राहिलं आणि ते निघून गेले. पंपावरच्या माणसानं ओळखलं म्हणून फोन आला. गाड्यांच्या रांगेत, दोन गाड्यांच्या मधे, भाऊजी चालत चालत पुढे सरकत होते. मागचे हॉर्न देत होते. अनवाणी पाय भाजून सोललेले. मी आणि शालन रिक्षानं गेलो, तर आम्हाला म्हणाले, "बाई, लाइनीत या. माझा नंबर आहे." ते पाय काही बरे झाले नाहीत. पावसाळा लागायच्या आत भाऊजी गेले.

शालन समोर एकटीच असते. चार दिवसांपूर्वी तिनं माझ्याकडे कुकर मागितला आणि तासाभरानं तोच मला द्यायला आली, "ताई, घे, तुला हवा होता ना?" मी घेतला. तिचं काही असेल, नसेलही. माझंही वय झालंच आहे. म्हणून सांगते बाय, सुट्टी बघून येऊ, दिवाळीला येऊ असं करू नकोस. दार वाजलं की "आलीस का गं" असं तुझं नाव घेऊन म्हणता येतंय, तोवर ये. पुढच्याच रविवारी ये.