सायलेन्सरचा चटका

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका डॉक्टरांना सांगावं लागलं, तेही अर्धंच. आता मात्र पूर्ण लिहायचं ठरवलंय.

वारूळवाडीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वायर जळाली की मोटार बंद, वायर नवी भरली की चालू... माझा विश्वास एवढ्यावरच. भुताखेतांच्या गोष्टी घेऊन येणाऱ्यांची मी दुकानात बसून टर उडवायचो.

माझा धाकटा भाऊ सुदाम. आमच्याकडे शर्यतीत बैलगाड्याच्या पुढं घोडी पळते. त्या घोडीवर बसायला पिंपळवंडीच्या सुदामला लांबलांबून बोलावणं यायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घोडेगावच्या बाजूला एका जत्रेत घोडी निशाण ओलांडून गेली ती थांबेचना. पुढच्या मोकळ्या रानात, बांधावर, तिनं सुदामला फेकलं. मी आणि माझा मित्र दत्ता मोटरसायकल घेऊन सगळ्यांच्या आधी पोचलो. सुदाम बेशुद्ध.

"हात नको लावू," दत्ता म्हणाला. "मी रस्त्यावरनं जीप आणतो, बाज आणतो. आडवाच न्यायचा."

"येळ जाईल. बसव मधी, मी मागनं धरतो."

"अरं, मान बघ त्याची कशी पडलीये!"

"दत्ता, तू गाडी चालू कर!"

ढेकळांतनं आपटत आम्ही त्याला रस्त्यापर्यंत तसाच नेला. त्याचं धड माझ्या हातांत दुमडत होतं, मी आणखी आवळून धरत होतो. मध्येच जळका वास आला. त्याची उजवी पोटरी सायलेन्सरला टेकली होती. रस्त्यावर जीप मिळाली, तेव्हा कुठं त्याला आडवा घातला. हॉस्पिटलात विचारलं, "कसं आणलं?" मी म्हणालो, "जीपमधनं, आडवं." पोटरीवरच्या फोडाचं खापर गरम पाण्याच्या पिशवीवर फुटलं. दत्ताला मी शपथ घातली होती. तो पुढं काविळीनं गेला, पण शेवटपर्यंत बोलला नाही.

सुदामची कमरेखालची संवेदना गेली, चालणं गेलं, टेकू दिल्याशिवाय बसताही येईना. टाचणी टोचली तरी कळायचं नाही.

काही वर्षांनी स्टेम सेलचं कानावर आलं. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी मज्जारज्जूत सोडायचे... एमआरआय दाखवेल नेमक्या त्याच जागी. डॉक्टर म्हणाले, "हा प्रयोग आहे. खात्री देत नाही."

सुदाम हसला. "घोडीवर तरी आमी कुठं खात्रीनं बसायचो? तुमी मारा सुई."

एमआरआयची पहिली फिल्म दिव्यावर लावून डॉक्टरांनी दोन डागांवर बोट ठेवलं. "हा वरचा डाग पडल्याचा. पण हा खालचा? आडवं आणलं म्हणता ना? एकाच धक्क्यानं असं व्हायला नको. दुसरा काही आजार असेल तर मी यांना घेणार नाही. शिरेतून डाय, म्हणजे रंग देऊन पुन्हा एमआरआय करू."

मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं. सुदाम माझ्याकडं बघत होता.

"काय झालं, दादा?"

"काय नाय."

दुपारी त्याला पुन्हा मशीनकडं नेलं. "दादा, बोअरात मोटार सोडतात तसं सोडतायत मला," तो म्हणाला, "वर काढायला ईसरू नका म्हणावं." मी काचेच्या अलीकडं टेक्निशियनच्या शेजारी उभा. मशीनचा ठोकठोक आवाज थांबला आणि स्पीकरमधून सुदाम बोलला —

"दादा, पाय काढ... सायलेन्सरवरनं पाय काढ. पोटरी भाजतीय."

टेक्निशियननं चमकून माझ्याकडं पाहिलं. "काका, यांना पाय कळत नाहीत ना?" मग माइकवर म्हणाला, "सुदामभाऊ, कुठला पाय?"

"उजवा. दादाला सांगा, लई आवळू नको... दुमडतोय मी."

बाहेर काढल्यावर मी त्याची पोटरी चिमटली. त्याला पत्ताच नाही. म्हणाला, "मी बोललो? डोळा लागला व्हता राव. झोपंत बरळलो असंल."

मी सगळं घासून पाहिलंय. मशीनमध्ये गरम वाटतं म्हणतात... पण त्याला कमरेखाली काही कळतच नव्हतं. ज्या अवयवाला संवेदना नाही तिथंही मेंदूला वेदना भासतात म्हणे... मान्य. पण सायलेन्सर? तेव्हा तर तो बेशुद्ध होता. दत्तानं सांगितलं असेल म्हणावं, तर सुदाम माझ्यावर डूख धरून इतकी वर्षं हसत राहणारा माणूस नाही. आणि मी त्याला आवळून धरलं होतं, हे पुढं बसून गाडी चालवणाऱ्या दत्तालाही दिसलं नव्हतं.

मी सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरलो.

"डॉक्टर, आडवं नव्हतं आणलं. शेतातनं रस्त्यापर्यंत मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. मी धरलं होतं."

ते ताडकन म्हणाले, "हे आज सांगताय?" मग नवी फिल्म लावली. गाठ नव्हती, दुसरा आजारही दिसत नव्हता. "आता जुळतंय. खालची जखमही त्याच दिवसाची. दोन्ही जागी पेशी सोडू." मी दाराशी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पेशंटला माहीत आहे हे?"

"नाही."

"ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

सुदाम चालत नाही. पण आता टेकू न घेता ताठ बसतो. पेशींमुळं की रोजच्या घाम काढणाऱ्या व्यायामामुळं, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. आणि त्या दुपारी स्पीकरवर मी आणि टेक्निशियननं जे ऐकलं, ते माझ्या जळक्या वायरीच्या हिशेबात अजून बसलेलं नाही.

उद्या सकाळी दुकान बंद ठेवून मी पिंपळवंडीला सुदामकडं निघालोय. दत्ता नको म्हणत होता, मी ऐकलं नाही, आणि सुदामला बसवून नेणारा मीच होतो... एवढं त्याच्या तोंडावर सांगणं मी त्याचं देणं लागतो.