कथानकाला शून्य

पास्कल सरांनी माझ्या एकांकिकेला कथानकासाठी शून्य गुण दिले. अभिनयाला चांगले, संगीताला बरे, आणि कथानकाला सरळ शून्य. आमच्या किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढायची वाट एका रिसॉर्टने कुंपण घालून बंद केली होती, त्यावरची ती एकांकिका. तालुक्याच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. हा म्हातारा रिसॉर्टवाल्यांनीच पेरलेला परीक्षक, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं घर गाठलं.

चर्चमागच्या चिरेबंदी घरात ते एकटे राहत. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, पत्नी वारलेली, मुलगी आखातात. मी नमस्कारसुद्धा केला नाही. "शून्य कशाबद्दल?"

त्यांचा चेहरा उजळला. "भांडूक इलंस? ये गो, बस. बरा झाला. गुण दिले काय लोका वळख दाखवणत नाय, भांडूक कोण येतला?"

आणि त्यांनी चहा टाकला. मी अजून उंबऱ्यातच उभी होते आणि हा माणूस बरणीतली बिस्किटं शोधत होता.

"तुझो रिसॉर्टवालो शेवटाक रडता आणि आपल्या हातान कुंपण काढता. कित्याक रडता?"

"लोकांची एकजूट बघून."

"एकजूट तेना पयल्याच प्रवेशात बघल्यान. तेवा रडाक इला नाय?"

"सर, लोकांना आशा द्यायला हवी."

"दी मगे. फुकट कित्याक देतंस?"

मी दशावताराचा विषय काढला. तिथे देव येतो, दैत्याला मारतो, सगळं आटोपतं. ते बरं चालतं? सर म्हणाले, "थंय देव येतलो, ह्या शेंबड्या पोराकय म्हायत असता. तेच्यासाठीच लोका जागतत. तुझ्या नाटकात देवाची वाट कोण बघी होतो?" याचं उत्तर मी आठवडाभर शोधलं. ते घेऊन पुन्हा गेले. मग जातच राहिले.

तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना ते रविवारी सकाळच्या खेळाला जुने अमेरिकन सिनेमे बघत. कृष्णधवल, खून, कोर्ट, टोपीवाले पुरुष. इतर लोक नायिका बघत, हे गोष्टीचं जोडकाम बघत. सिनेमा जोखायची त्यांची रीत एकच. "भिंतीतलो एक चिरो काढून बघ. भिंत पडली नाय, तर तो चिरो कित्याक लायलस?" नाटकाला मात्र ते हे माप लावत नसत. "सिनेमातलो माणूस गाडयेत बसान पळता. नाटकातलो खंय पळतलो? तीच खोली, तीच माणसा. म्हणान थंय गोष्ट माणसांच्या पोटातसून येवक होयी, भायरसून तार पाठवची नाय." दोन्हींना एकाच फूटपट्टीने मोजणाऱ्या समीक्षकांवर त्यांचा फार राग. पेपरात कुणी 'वेगवान कथानक' लिहिलं की ते पेपर टेबलावर आपटत. "गोष्ट काय एस्टी आसा, वेळेवर पोचली म्हणान बरी?"

त्या शून्यावरून स्पर्धेच्या समितीने त्यांना गाठलं होतं, हे मला नंतर कळलं. पाच तरी करा, मुलांचा हिरमोड होतो, म्हणाले. सरांनी आकडा बदलला नाही. पुढच्या वर्षी परीक्षकांत त्यांचं नाव नव्हतं.

मी समितीकडे गेले. शून्य मला मिळालं होतं, माझी तक्रार नाही, मग तुमची का? अध्यक्ष हसले. "तुझी नसात गो, आमची आसा. तो माणूस इलो काय सगळ्यांची तोंडा पडतत. वर्षातसून एकदा नाटका, जरा आनंदान होवंदे." म्हणजे काय? ज्याला खोटं बोलता येत नाही त्याला बाहेर बसवायचं, आणि त्याला आनंद म्हणायचं!

स्पर्धेच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावले. सर ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशात दोन पेनं.

"कुणी बोलवायला येणार आहे का, सर?"

"नाय गो. वारो खातंय."

बूट घालून कोण वारा खातं? हॉलवरून नांदीचा आवाज येत होता. मी शेजारी बसले. ते त्या दिवशी कशावरच भांडले नाहीत.

पावसाळा संपता संपता सर गेले. झोपेतच गेले, शेजारणीला दुपारी कळलं. समितीने नाक्यावर बॅनर लावला, 'मनमिळावू मार्गदर्शक हरपला'. हे साफ खोटं आहे. पास्कल सर मनमिळावू नव्हते. ते खवचट होते, हट्टी होते, आणि त्यांना खुर्ची नाकारणाऱ्यांनीच आता त्यांच्या फोटोखाली आपले फोटो छापले होते. मी शोकसभेत हे बोलले. एकजण म्हणाला, "मेल्यार आता कित्याक ता?"

परवा नव्या एकांकिकेचं वाचन केलं. सगळा ग्रुप होता. मधला प्रवेश कुठेतरी लंगडतोय हे मला वाचतानाच जाणवत होतं, पण नेमकं कुठे ते सापडत नव्हतं. वाचून झाल्यावर मी विचारलं, "सांगा, काय चुकलंय?"

"कायच चुकूक नाय गो. झकास आसा."

मी पुन्हा विचारलं. तोवर सगळे चहाला निघाले होते.