चार नंबरचं नाव

सोमेश्वरअप्पाच्या हाती एकदा माईक आला की तो त्याच्याकडून काढून घ्यायची मजाल पूर्णेत कुणाची नाही. स्टेशन रोडला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, नळाच्या तोट्या. गिऱ्हाईक अर्धा किलो खिळे मागतं, आणि खिळे पुडीत बांधून हातात पडेपर्यंत त्याला फुटबॉलमधला बचाव काय चीज असते ते ऐकून घ्यावं लागतं. घाईची माणसं दुसऱ्या दुकानात जातात. अप्पाला त्याचं काडीचं सोयरसुतक नाही.

माणूस जुना फुलबॅक. तरुणपणी गावाच्या टीमकडून रेल्वेच्या पोरांविरुद्ध खेळायचा. रेल्वेचंच गाव, त्यामुळे फुटबॉलचं वेड इथं घरोघरी. त्या काळचे गोल कुणी मारले ते आजही चहाच्या टपरीवर माणसं नावानिशी सांगतात. अप्पानं काय केलं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही, कारण अप्पानं केलं ते एवढंच, की समोरच्याला काही करू दिलं नाही. ही सल त्याच्या मनात अशी काही रुतून बसली होती की विचारू नका.

दर हिवाळ्यात कॉलेजच्या मुलींची टूर्नामेंट भरते. मानवत, वालूर, परभणी, सगळीकडून टीमा येतात. फायनल झाली की मैदानाच्या मधोमध खुर्ची मांडायची, स्पर्धेतल्या उत्कृष्ट खेळाडूला तिच्यावर बसवायचं, भरजरी फेटा बांधायचा आणि हलगीच्या तालावर मैदानाला फेरी काढायची, ही तिथली रीत. कप कुणी नेला ते लोक महिन्याभरात विसरतात, पण फेटा कुणाच्या डोक्यावर बसला ते कुणी विसरत नाही. आणि आजवर तो बसला गोल मारणारीच्याच डोक्यावर. एकदासुद्धा, देवाशपथ सांगतो, एकदासुद्धा बचाव करणारीच्या डोक्यावर नाही.

फेट्याचं नाव ठरवायला तिघांची कमिटी. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले सूर्यभानकाका, खेळाचे शिक्षक बन्सीधर सर आणि तिसरा आपला अप्पा. दरवर्षी अप्पा तंबूत बसून घसा फाटेस्तोवर भांडायचा. सूर्यभानकाकांचं म्हणणं ठरलेलं असायचं, की लोक गोल बघायला येतात, न झालेला गोल मी कुणाला दाखवू? बन्सीधर सरांचा मुद्दा त्याहून चिवट. बचाव चौघींचा मिळून असतो, त्यातल्या एकीलाच फेटा बांधला तर बाकीच्या तिघींनी काय पाप केलं? अप्पा म्हणायचा, गोल मारणारीला बॉल काय आभाळातून पडतो का? तोही कुणीतरी देतंच ना, मग तिथं हा हिशेब कुठं जातो? असं घमासान व्हायचं, चहा गार व्हायचा, आणि शेवटी दोनास एक मतानं अप्पा हरायचा. मग तोंड पाडून माईक घ्यायचा आणि कुठल्या तरी फॉरवर्ड पोरीचं नाव गावाला ओरडून सांगायचा. कारण कॉमेंट्री त्याचीच.

यंदा सगळं चित्रच पालटलं. अप्पाची मुलगी धनश्री कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, टीमची स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभी राहणारी, अंगात चार नंबरची जर्सी. हे भांडण ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. तिला फेटा पाहिजे होता, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बचाव करणारीच्या डोक्यावर पहिला फेटा बसेल तो माझ्या. बापाची छाती फुगली होती. यंदा तंबूत असा काही भांडेन की सूर्यभान पाणी मागेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि मग टपरीवर कुणीतरी हसत हसत बोलून गेलं, की अप्पा, इतकी वर्षं बचाव बचाव करत होता, ती पोरीसाठीच पेरणी चालली होती म्हणा की. सगळे खोखो हसले. अप्पासुद्धा हसला, पण ते बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. रात्रभर तळमळला, आणि सकाळी उठून कमिटीतून नाव काढून घेऊन मोकळा झाला. माझी पोरगी खेळायलीय, मी मत देणार न्हाई, असं त्यानं सूर्यभानकाकांना ठणकावून सांगितलं. इथवर ठीक होतं. पण माणूस इमानदार असला की कधीकधी त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. माईकवरूनही पोरीचं कौतुक करायचं नाही, असा पण त्यानं मनातल्या मनात करून टाकला.

पहिली मॅच वालूरशी. धनश्री अशी खेळली की बघणाऱ्यानं जेवण विसरावं. कुठं उडी मारून डोक्यानं बॉल उडवला, कुठं समोरचीच्या पायातून अलगद काढून घेतला. आणि भोंग्यावर अप्पा काय सांगतोय? ‘बॉल बाहेर.’ ‘बॉल परत पूर्णेकडे.’ फारच झालं तर ‘चार नंबरनं अडवलं.’ बाकी निकितानं पास दिला, निकिता पळाली, निकितानं हूल दिली, सगळं नावानिशी. टीमची फॉरवर्ड होती ना ती.

संध्याकाळी बापलेक घरी आले. अप्पाची आई, गंगम्मा, गुडघ्यांमुळे मैदानावर जात नाही. ती ओसरीत बसून भोंगा ऐकते. मैदान जवळच, सगळं स्वच्छ ऐकू येतं. म्हातारीनं अप्पाला काळजीनं विचारलं, “आज पोरीला खेळवलं न्हाई का रे? बाहेर बसवलं का?”

अगं, ती पूर्ण मॅच खेळली, असं तो पुटपुटला. म्हातारी म्हणाली, मला तर तिचं नाव एकदाही ऐकू आलं नाही. धनश्री पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिचे हात थांबले.

“आजी बराबर बोलायलीय, अप्पा,” ती म्हणाली. “तुमी माझं नाव घेतलंच न्हाई.”

लोक काय म्हणतील, बाप आहे म्हणून चढवून ठेवायलाय म्हणतील, असं अप्पा समजावून सांगायला लागला. ती ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, “माझ्या जागी दुसऱ्याची पोरगी असती, तर तिच्यासाठी तुमी भांडला असता.” एवढं बोलून ती बूट उचलून आत गेली, आणि फायनलपर्यंत बापाशी कामापुरतंच बोलली.

अप्पाचा जीव कासावीस झाला. पण हट्टी माणूस! शब्द दिला म्हणजे दिला, मग तो स्वतःलाच का दिलेला असेना. पुढच्या मॅचलाही ‘चार नंबर’, आणि सेमीफायनललाही ‘चार नंबर’.

फायनल मानवतशी पडली. मानवतची संघप्रिया म्हणजे नुसती वीज. प्रत्येक मॅचमध्ये तिनं गोल मारले होते, कुठं एक, कुठं दोन. मैदानाच्या चारी बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या राहिल्या. पोरं झाडांवर, बाया ट्रॉलीत, कोणी मालगाडी थांबल्याबरोबर उतरून आलेलं. अप्पानं माईकमध्ये फुंकर मारली आणि मॅच सुरू झाली.

काय मॅच झाली म्हणता! संघप्रियाला बॉल मिळाला की मानवतवाल्यांच्या शिट्ट्या, आणि तिच्यासमोर धनश्री उभी राहिली की पूर्णेवाल्यांचे श्वास बंद. संघप्रिया उजवीकडून आली, धनश्री तिथं. डावीकडून आली, तिथंही धनश्री. एकदा दोघी धडकून मातीत लोळल्या, उठल्या, एकमेकींकडे बघून हसल्या आणि पुन्हा धावत सुटल्या. अप्पा ओरडत होता, “संघप्रिया निघाली, एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, आणि चार नंबरनं बॉल काढून घेतला.” संघप्रियाचं नाव तो खणखणीत घ्यायचा आणि चार नंबरपाशी आला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

मध्यंतरानंतर कॉर्नरवर निकितानं डोकं लावलं आणि गोल झाला. पूर्णेवाले बेभान झाले. आता मानवत अख्खी तुटून पडली. शेवटी शेवटी तर संघप्रियानं गोलकीपरला चकवून बॉल गोलाकडे ढकलला, गोलकीपर जमिनीवर आडवी, गोल रिकामा, बॉल घरंगळत रेषेकडे चाललेला. मानवतवाल्यांनी हात वरही केले. आणि कुठून आली कोण जाणे, धनश्रीनं स्वतःला झोकून दिलं आणि रेषेवरून बॉल असा उडवला की तो सरळ ट्रॉलीतल्या बायांमध्ये जाऊन पडला. अप्पा खुर्चीवरून ताडकन उठला. त्याचं तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि भोंग्यावरून गावानं ऐकलं, “चार नंबर… चार नंबरनं वाचवलं.”

शिटी झाली. पूर्णा जिंकली.

खुर्ची मांडली गेली, हलगीवाले सरसावले. सूर्यभानकाका तंबूतून बाहेर आले आणि अप्पाच्या कानाला लागले. फेटा मानवतच्या संघप्रियाला. टीम हरली तरी स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल तिचे, त्यात वाद कसला? अप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला पूर्ण मॅचभर एक गोल मारता आला नाही तिला फेटा, आणि जिनं मारू दिला नाही तिचं नावही नाही? तो भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला आठवलं की कमिटीतून तो स्वतःच्या पायानं बाहेर पडलाय. आत त्या दोघांसमोर बचावाचं नाव काढणारं आज कुणी नव्हतंच. त्यानं मान खाली घातली आणि माईकवर संघप्रियाचं नाव पुकारलं. इमानदारीत पुकारलं, आवाज कुठं कमी केला नाही. धनश्री मैत्रिणींच्या घोळक्यात कप धरून उभी होती. तिनं बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

संघप्रियाच्या डोक्यावर फेटा चढला. फेटेवाल्या खेळाडूनं दोन शब्द बोलायचे असतात. पोरी साधारण आईवडिलांचे आणि सरांचे आभार मानून माईक परत देतात. संघप्रियानं आभार मानले, पण माईक काही परत दिला नाही.

“माझे गोल जास्त हायत म्हणून फेटा मला मिळाला,” ती म्हणाली. “मी घेते, लय खुशी झाली. पण आज मला एकबी गोल करता आला न्हाई. जिनं करू दिला न्हाई, तिचं नाव मला पाह्यजे. मॅच सुरू झाल्यापासून भोंग्यावर नुसतं चार नंबर, चार नंबर ऐकायलेय.” मग तिनं वळून अप्पापुढे माईक धरला. “काका, तिला नाव हाय का न्हाई?”

ती बिचारी मानवतची. तिला काय माहीत कोण कुणाचं? पण पूर्णेवाल्यांना माहीत होतं. सगळं मैदान अप्पाकडे बघायला लागलं. अप्पानं माईक घेतला.

“धनश्री,” तो म्हणाला. भोंग्यातून त्याचा आवाज फाटून बाहेर आला. “धनश्री सोमेश्वर. माझी पोरगी हाय.”

आणि मग जे काही सुटलं ते सुटलं. वालूरच्या मॅचला तिनं डोक्यानं बॉल कसा उडवला, ते त्यानं सांगितलं. सेमीफायनलला एकटी तिघींना कशी भिडली, तेही. इतक्या दिवसांचं गिळलेलं सगळं बाहेर पडत होतं आणि प्रत्येक वाक्याला धनश्री, धनश्री. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. मैदानापलीकडच्या ओसरीवर गंगम्मा भिंतीला धरून उठून उभी राहिली होती. सूर्यभानकाका खाणाखुणा करून थकले, अप्पा, आवर, फेरी निघायचीय. अप्पा कुठला ऐकतो! शेवटी काकांनी माईकची वायर उपटली. भोंगा गप्प झाला, अप्पा झाला नाही. मेलेला माईक तसाच हातात धरून, उघड्या घशानं, डोळ्यांतलं पाणी न पुसता तो सांगतच राहिला. आणि आत्ता, तुमच्यासमोर, गोलकीपर आडवी पडलेली, गोल रिकामा, बॉल रेषेवर, आणि धनश्रीनं उजव्या पायानं…

घोळक्यातून धनश्री पुढं आली होती. कप छातीशी धरून ती बापासमोर उभी राहिली.

“डाव्या पायानं, अप्पा,” ती म्हणाली. “परत सांगा.”