फळ्यावर लिहिलेलं नाव

चौथीत गुरुजींनी मला वर्गाची मॉनिटर केलं. माझं अक्षर वळणदार होतं आणि माझे वडील गावचे ग्रामसेवक होते; यातलं कशामुळे केलं, ते मी कधी विचारलं नाही. कुंडलच्या बाजूला, उसाच्या शिवारातली आमची चार खोल्यांची शाळा. साल नव्वद-एक्क्याण्णव असेल.

गुरुजी शिस्तीचे होते. सोमवारी नखं बघायचे. मुलींच्या दोन वेण्या वर बांधलेल्या हव्यात. प्रार्थनेला उशीर झाला, तर पटांगणातले खडे वेचायचे. आणि गुरुजी ऑफिसात गेले, की सगळ्या वर्गानं हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायचं. जो बोलेल त्याचं नाव मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. एका नावाला निरगुडीच्या फोकाचे दोन फटके. गुरुजी दुष्ट नव्हते. कुणाला ताप आला, तर सायकलवर बसवून घरी सोडायचे. पण मॉनिटरनं लिहिलेलं नाव त्यांनी कधी पुसलं नाही.

माझ्या शेजारी बस्करावर बसायची ती जतकडची. तिचे आईवडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असायचे, म्हणून दुसरीपासून ती आमच्या गावात मावशीकडे राहायला आली होती. आमची गट्टी होती. मावशीच्या रानातल्या शेंगा ती फ्रॉकच्या खिशातून आणायची, आणि मी तिला शुद्धलेखन दाखवायची. तिचा आवाज मात्र कुणाला शिकवावा लागला नाही. मेंढरांना हाळी घालून घालून तो मोकळा झाला होता.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला प्रतिज्ञा कोण सांगणार, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आदल्या वर्षी मीच सांगितली होती. गुरुजींनी तिचं नाव घेतलं. म्हणाले, हिचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तिनं आनंदानं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुजींना हेडमास्तरांनी बोलावलं. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिले. वर्ग एकदम गप्प होता. ती तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती, मला हसवायला डोळे मोठे करत होती. मी वळले आणि तिचं नाव लिहिलं.

तिला गंमत वाटली. गुरुजी आत येईपर्यंत ती हसतच होती.

गुरुजींनी तिला उभं केलं. "बोलत होतीस?"

"न्हाई गुरुजी. मी बोलले न्हाई."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी चुकून लिहिलं म्हणू शकले असते. नाव पुसायला फडकं माझ्या हातातच होतं.

"हो गुरुजी," मी म्हणाले. "बोलत होती."

दोन फटके बोलल्याबद्दल आणि दोन खोटं सांगितल्याबद्दल. तिनं हात मागे घेतला नाही. वर्गातल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं, तर उद्या त्याचं नाव फळ्यावर आलं असतं. मग गुरुजी म्हणाले, जी खोटं बोलते तिनं प्रतिज्ञा सांगायची नाही.

पंधरा ऑगस्टला मी न अडखळता प्रतिज्ञा सांगितली. गुरुजींनी माझी पाठ थोपटली. ती दुसऱ्या रांगेत उभी होती, ओठ मिटून.

ती माझ्याशी भांडली नाही, कुणाजवळ तक्रारही केली नाही. फक्त बस्कराच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली, आणि वर्गात विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली. गुरुजींना खरं सांगायचं, असं मी रोज ठरवायची. आधी फोकाची भीती वाटली, मग मॉनिटरपण जाईल याची. नंतर इतके दिवस लोटले, की आता सांगून काय होणार, असं स्वतःलाच समजावू लागले.

दिवाळीनंतर तिच्या आईवडिलांची मेंढरं गावावरून गेली आणि तीही त्यांच्याबरोबर गेली. आई बाळंत होणार होती, घरात माणूस हवं होतं. गुरुजींनी तिच्या मावशीला, पोरीला ठेवून घ्या, म्हणून सांगून पाहिलं. मावशी म्हणाली, "आवं गुरुजी, तिचंच मन लागंना शाळंत."

हे मी दारात उभी राहून ऐकलं.

दहा वर्षांनी मी सांगलीला डी.एड. करत होते. एकदा एसटी स्टँडवर कुणीतरी दंडाला हात लावला. कडेवर तान्ही मुलगी, सोबत सासू. "वळीकलं न्हाईस का गं?" आवाजावरून ओळखलं. मी मास्तरीण होणार, हे कळताच ती तूवरून तुमीवर आली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्या आमच्या वर्गाच्या मानिटर. लय हुशार."

मला राहवलं नाही. विचारलं, "मी फळ्यावर तुझं नाव लिहिलं होतं, आठवतं?"

"व्हय की," ती हसली. "बोलत असणार मी. माझं त्वांड तवा कवा गप बसायचं?"

तिला खरंच तसं वाटत होतं. इतक्या वर्षांत तिनं माझं खोटं खरं मानून टाकलं होतं. तू बोलत नव्हतीस, एवढंच मला म्हणायचं होतं. पण सासू ऐकत होती, आणि मी म्हणाले, "लहान होतो गं आपण."

"शिस्त पायजेच की," ती म्हणाली. "हिलाबी शाळंत घालणार हाय. तुमच्यासारख्या बाई मिळाल्या म्हंजे झालं."

जतची गाडी लागली. मी दारापर्यंत मागे गेले, पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. कंडक्टरनं दार ओढलं.

पुढच्या वर्षी मला नोकरी लागली. जतकडच्या शाळांत जागा रिकाम्या होत्या, तिकडे कुणी जायला तयार नसायचं. मागितली असती, तर लगेच मिळाली असती. मी मागितली नाही.